शिजवलेली माती

"चपला तिथेच काढा. आणि पाय आधी त्या ट्रेमध्ये बुडवा."

"अहो बाई, मी मालक आहे."

"असाल. जंतूंना ते ठाऊक नसतं."

मालकाने चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि औषधाच्या पाण्यात पाय बुडवले. मग बाईंनी दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पायांवर चढवून आणि डोक्याला जाळी बांधून तो चार नंबरच्या खोलीत शिरला. आत अंधूक उजेड होता, गार दमट हवा होती आणि जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या होत्या. प्रत्येक मांडणीवर खताचा जाड थर आणि त्यावर मातीचे पांघरूण. त्या मातीतून एव्हाना मशरूमची डोकी वर यायला हवी होती. ती आली नव्हती. मातीवर नुसते पांढरे धागे पसरले होते, एकमेकांत गुंतून इतके दाट झाले होते की खालची माती दिसेनाशी झाली होती.

"हे काय आहे?" मालकाने विचारले.

"धागे आहेत. बघा कसे जोमाने चढलेत. आता एक डाग दाखवा मला."

मालकाने वाकून पाहिले, मागे जाऊन पाहिले, शेवटच्या मांडणीपर्यंत चक्कर मारली.

"डाग नाही दिसत," तो म्हणाला. "पण मशरूमही नाही दिसत, बाई."

"येतील."

"दोन नंबरला आले, तीन नंबरला आले. तिकडे तोडणी चाललीये. माती सगळीकडे एकदमच टाकली होती ना?"

"ते कसले आले? ठिपके घेऊन आले. गिऱ्हाईक परत पाठवतंय ते."

"परत पाठवायला तरी काहीतरी आहे, बाई."

मालक बाहेर गेल्यावर बाईंनी तो जिथे जिथे उभा राहिला होता तिथली फरशी पुसून काढली.

त्या हंगामात कंपनीला डागांनी भंडावून सोडले होते. मशरूमच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर आधी एक फिकट पिवळा ठिपका यायचा, मग तो चहा सांडल्यासारखा पसरायचा आणि टोपी चिकट व्हायची. खोक्यांवर खोकी परत येत होती. मालक तसा तरुण होता, वडील गेल्यावर नुकताच खुर्चीवर बसलेला. त्याने सगळ्यांना पॅकिंगच्या शेडमध्ये उभे करून झाडले. पंखे, पाणी, तोडणीवाल्या बायकांची नखे, जे तोंडाला येईल ते काढले. तो दमून थांबला तेव्हा मागच्या रांगेतून बाईंचा आवाज आला. कंपनीच्या बैठकीत बाई आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या.

"मला एक खोली द्या. माती मी शिजवणार, मीच टाकणार, आत दुसरं कोणी येणार नाही. एक जरी डाग निघाला तर मी घरी बसेन."

शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने त्यांना चिमटा काढला, पण तोवर उशीर झाला होता.

मालक म्हणाला, "ठीक आहे. चार नंबर तुमची. स्वच्छ पीक काढून दाखवा, सगळ्या खोल्या तुमच्या हाताखाली देतो. आणि नाही निघालं तर तुम्ही आत्ता बोललात तसं करायचं. सगळ्यांनी ऐकलंय."

बाई तेव्हा साफसफाईच्या मुकादम होत्या. मुकादम म्हणजे हाताखाली दोन मुली आणि एक फाटकी ट्रॉली. त्याआधी त्यांनी तोडणी केली होती, आणि अगदी सुरुवातीला, लग्न होऊन आल्यावर, कंपनीच्या मागच्या अंगणात खत उलटण्याचे काम. भुसा आणि कोंबड्यांची विष्ठा भिजवून त्याचे ढीग रचायचे, ते तापले की फोडायचे, पुन्हा रचायचे. हातमोजे त्या काळी फक्त साहेबांच्या हातात दिसायचे. आता मात्र बाईंच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे असत आणि मोज्यांच्या आत, कोणाला दिसू नयेत अशी, औषधाने सोललेली बोटे. तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणत. पाठ वळली की फिनेल.

पाठ न वळताही फिनेल म्हणायची हिंमत एकटीच करायची, ती चिमटा काढणारी मैत्रीण. तोडणीला बसली की तिचे तोंड बंद म्हणून होत नसे, त्यामुळे तिला सगळे रेडिओ म्हणत.

"अगं फिनेल," रेडिओ म्हणायची, "देवाने तुला घडवताना माती आधी धुऊन घेतली असणार बघ."

"तुला घडवताना चाळून तरी घ्यायला हवी होती."

"मला घाईत बनवलं गं. शिफ्ट संपत आली होती त्याची."

रेडिओच्या थट्टेवर बाई हसत, पण खोली ताब्यात आल्यापासून ते हसणेही आटले. मातीला वाफ देण्याची एक रीत होती. माती पेटीत भरायची, हात ठेववणार नाही इतकी तापू द्यायची, काही तास तशीच राखायची आणि वाफ बंद करायची. उकळायची नाही. का नाही ते कोणी कधी सांगितले नव्हते, बाईंनी विचारलेही नव्हते. बॉयलरवाला वेळ झाली म्हणून चावी बंद करायला आला तेव्हा त्या आडव्या उभ्या राहिल्या.

"चालू राहू दे."

"बाई, माती आहे ही. बटाटे नाहीत."

"मला कळतं. चालू राहू दे."

पेटीच्या तळातून भकाभका वाफ येईपर्यंत त्यांनी माती शिजवली. दुसऱ्या दिवशी गार झालेली तीच माती पुन्हा शिजवली. मग तिला जंतुनाशक मारले, ताडपत्री घातली, वास उडून जाईपर्यंत फावड्याने खालीवर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होते तरी त्या हटल्या नाहीत. खोलीत फवारायचे पाणीसुद्धा त्यांनी उकळून घेतले. एवढी निर्मळ माती त्या कंपनीत कधी पडली नव्हती, हे बाईंच्या शत्रूनेही कबूल केले असते.

आणि त्या मातीत काही उगवत नव्हते.

घरी आल्यावर बाई दाराबाहेरच थांबत. तिथे एक बादली, साबण आणि खुंटीवर टॉवेल असे. हात कोपरापर्यंत घासायचे, मग पाय, मग आडोशाला जाऊन कपडे बदलायचे आणि कामाचे कपडे वेगळ्या टपात टाकायचे. हे सगळे झाल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत, आणि नवऱ्यालाही ओलांडू देत नसत. नवरा मालट्रक मोजायच्या वजनकाट्यावर कारकून होता, आता निवृत्त झाला होता. फिरून आला की तोही मुकाट्याने बादलीतले पाणी पायांवर घेई. घर लख्ख होते. फरशीत चेहरा दिसे. खुर्च्यांवर धुतलेली आवरणे, दाराच्या कड्या पुसलेल्या, पिण्याचे पाणी उकळून गाळलेले. त्या घरात येऊन कोणी निवांत पाय पसरून बसल्याचे मात्र शेजाऱ्यांनी पाहिले नव्हते.

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला होता. मागे तो बायको आणि पोराला घेऊन आला होता. पोराने जमिनीवर पडलेला चमचा उचलून तोंडात घातला आणि बाईंनी तो अशा त्वेषाने हिसकावला की पोराच्या ओठातून रक्त आले. सुनेने पोराला उचलले, पुसले आणि सामान बांधायला घेतले. तेव्हापासून नातू फोनवरच भेटत होता, आणि फोन नेहमी मुलगाच करायचा.

बाईंना कळत नव्हते असे नाही. पण सुनेला काय सांगणार? जे नवऱ्यालाही त्या कधी बोलल्या नव्हत्या ते सुनेला कुठून सांगणार होत्या?

या मुलाच्या आधी त्यांना एक मुलगी होती. नुकती रांगायला लागली होती. बाई तेव्हा खताच्या अंगणात काम करत, दुपारच्या सुट्टीत धावत घरी येऊन तिला पाजत आणि धावत परत जात. एके दिवशी तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दवाखान्यात नेईपर्यंत तिने डोळे फिरवले होते. घरी माणसे जमली, सासू भिंतीशी बसून रडत होती. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो बाईंच्या तोंडाकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता.

"खताचे हात घेऊन घरात येत होतीस," तो म्हणाला. "दुसरं काय होणार?"

बाई उठल्या आणि न्हाणीघरात जाऊन हात धुऊ लागल्या. काही वेळाने सासूने दार ठोठावले तरी त्या हातच धूत होत्या. त्यानंतर आजतागायत त्या हातच धूत आल्या, असे म्हटले तरी चालेल. नवरा ते वाक्य पुन्हा कधी बोलला नाही. त्याचा तेवढा चांगुलपणा बाईंनी नेहमी मानला होता.

म्हणून चार नंबरची खोली म्हणजे काही नुसती बढती नव्हती. चार नंबरमध्ये डाग न पडता पीक आले असते, तर हात स्वच्छ ठेवले की वाईट काही होत नाही, एवढे तरी सिद्ध झाले असते. ते एकदा सिद्ध व्हावे यासाठी बाईंनी आयुष्य घालवले होते.

पांढरे धागे आणखी दाट झाले. वरून हात फिरवला तर कातड्यासारखे लागू लागले. पाणी मारले तर ओघळून खाली पडायचे, आत मुरायचे नाही. बाई सकाळी दार उघडत आणि मांडण्यांपुढे वाकून एखादी तरी पिन दिसते का ते शोधत. मातीत पहिल्यांदा दिसणाऱ्या इवल्या पांढऱ्या टोकांना तिथे सगळे पिना म्हणत. दिसत नव्हती. बाहेर आल्या की तोडणीच्या बायका बोलणे थांबवत, आणि रेडिओसुद्धा गप्प बसे, ते तर फारच वाईट होते.

शेवटी मालकाने तपासणी केंद्रातून एका मुलीला बोलावले. मुलगीच ती, वयाने बाईंच्या सुनेएवढी. पण तिने न सांगता चपला काढल्या, पाय बुडवले, जाळी बांधली, हातमोजे घातले. बाईंना ती आवडली. तिने चमच्याने मांडणीवरची थोडी माती काढून डबीत घातली, दोन नंबरच्या खोलीतलीही घेतली आणि निघून गेली. काही दिवसांनी परत आली तेव्हा तिच्या हातात दोन काचेच्या झाकण लावलेल्या बशा होत्या. पॅकिंगच्या टेबलावर तिने त्या शेजारी शेजारी ठेवल्या. मालक आला, बाई आल्या.

"ही दोन नंबरची माती," मुलगी म्हणाली. बशीभर चकचकीत ठिपके होते, पांढरे, पिवळट, काही एकमेकांत मिसळलेले. "आणि मावशी, ही तुमची."

दुसरी बशी कोरी होती. बाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि उजेडात धरली. इतक्या वर्षांत त्यांचे काम कोणी त्यांच्या डोळ्यांपुढे असे धरले नव्हते.

"बघितलंत?" त्या मालकाला म्हणाल्या. "एक नाही. एकसुद्धा नाही!"

"मावशी," मुलगी हळूच म्हणाली, "तीच तर अडचण आहे."

"कसली अडचण?"

"ठिपके दिसतात ना, ते या बशीत वाढवलेले जीवाणू आहेत. मातीत असतात. ते असल्याशिवाय हे मशरूम डोकं वर काढत नाही. धागे वाढतात, भरपूर वाढतात, पण वाढताना स्वतःच एक वास सोडतात. आपल्याला कळत नाही तो नीट. तो साचला की धाग्यांना पिन धरताच येत नाही, नुसते पसरत राहतात. मातीतले जीवाणू तो वास खाऊन टाकतात, तेव्हा कुठे पिना सुटतात. तुमच्या मातीत खाणारं कोणी उरलंच नाही."

"म्हणजे माती मेली?" मालकाने विचारले.

"तसंच म्हणा."

बाईंनी बशी खाली ठेवली नाही. "आणि डाग? डाग कोण पाडतं मग?"

"तेही जीवाणूच. खरं म्हणजे जवळचेच आहेत हे दोघं, चुलत भावंडं म्हणा. एक पिना आणायला मदत करतो, दुसरा टोपी ओली राहिली की डाग पाडतो. डागांसाठी पाणी मारल्यावर पंखा जास्त चालवायला हवा होता, टोप्या सुकायला हव्या होत्या. मातीला इतकं शिजवायचं कारण नव्हतं."

"मग त्यातला चांगला कुठला, वाईट कुठला, कळतं कसं?"

"आम्हाला तपासून कळतं."

"हाताला?"

मुलगी हसली. "हाताला कसं कळेल, मावशी? हातावर तर ते कायमच असतात. माझ्या, तुमच्या, सगळ्यांच्या."

"धुतले तरी?"

"घासून धुतले तरी. धुवायचे असतातच, कमी होतात. पण सगळे जात नाहीत. आणि त्यातले बहुतेक आपल्याला काही करत नाहीत."

"खताचं काम करणाऱ्या बाईच्या हातावर असतात ते?" बाईंनी विचारले. "ते लहान मुलाला करतात काही?"

मालक घड्याळ बघत होता. मुलीने मात्र मान वर करून बाईंकडे नीट पाहिले.

"तसं एकदम सांगता येत नाही, मावशी. हातावरूनही जाऊ शकतात. पण पोरांना लागण होते ती जास्त करून पाण्यातून. तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आता कोणी नाही."

उपाय सोपा होता आणि म्हणूनच बाईंना तो थोबाडीत मारल्यासारखा लागला. वरचा कातड्यासारखा थर खरवडून मोकळा करायचा आणि दोन नंबरच्या मांडण्यांवरची, डाग नसलेल्या जागची जुनी माती आणून त्यावर भुरभुरायची. कोरी माती तिच्यामुळे हळूहळू जिवंत होईल, असे मुलगी म्हणाली. पीक उशिरा येईल, सगळीकडे सारखे येणार नाही, पण येईल.

"मग लावा कामाला बायकांना," मालक म्हणाला. "आजच उरकून टाका."

"आत कोणी यायचं नाही," बाई म्हणाल्या. "खोली माझी आहे. मीच टाकीन."

दुपारी त्या एकट्याच आत होत्या. टपात दोन नंबरची माती होती, काळी, ओलसर, मशरूमच्या तुटक्या मुळांसकट. रबरी मोज्यांनी ढेकळे फुटेनात. भुगा व्हायच्या ऐवजी त्यांचे लगदे होत होते. बाईंनी थोडा वेळ धडपड केली, मग मोजे काढून दारापाशी फेकले.

माती हाताला गार लागली. सोललेल्या बोटांना ती झोंबेल असे त्यांना वाटले होते, पण ती झोंबली नाही. बोटांना काम आठवत होते. ढेकूळ तळहातावर घ्यायचे, अंगठ्याने दाबायचे, फिरवायचे, मोकळे करायचे. खताच्या अंगणात हे त्यांनी दिवसचे दिवस केले होते आणि त्यांना ते आवडायचे, हेही त्यांना आता आठवले. बाई संतापल्या. त्या पोरसवद्या मुलीवर, ती इतक्या सहज सगळे सांगून गेली म्हणून. मालकावर. पांढऱ्या धाग्यांवर, ज्यांना एवढे जपले आणि ज्यांना घाणच हवी होती. मूठ भरून त्या माती फेकू लागल्या. भुरभुरायला सांगितले होते, पण त्या फेकत होत्या. पांढऱ्यावर काळे डाग पडत गेले, त्यांनी स्वतःच्या हातांनी पाडलेले, आणि खालच्या मांडणीपासून वरच्या मांडणीपर्यंत एकही जागा त्यांनी सोडली नाही.

त्या संध्याकाळी दाराबाहेरची बादली नेहमीप्रमाणे भरलेली होती. बाईंनी हात धुतले, पाय धुतले, कपडे बदलले. नवरा टीव्हीपुढे बसला होता. मालिकेत कोणीतरी रडत होते. बाईंनी चहा केला, त्याच्यापुढे कप ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"अहो, मुलगी गेली तेव्हा तुम्ही एक बोलला होतात."

"कोणती मुलगी?"

बाई नुसत्या बघत राहिल्या.

"हां, हां," नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "आपली. काय बोललो होतो?"

बाईंनी ते वाक्य सांगितले, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मनात ते रोज असायचे, पण त्यांच्या तोंडून ते बाहेर पहिल्यांदाच पडत होते. खोलीत ते अगदीच छोटे वाटले.

"मी?" नवऱ्याला खरोखरच नवल वाटले. त्याने आठवायचा प्रयत्न केला, कपाळावर आठ्या घालून केला. "छे गं. मी असं कशाला बोलेन? आई बोलली असेल. तिच्या तोंडाला धरबंद नव्हताच."

"तुम्हीच बोललात. चौकटीला टेकून."

"असेन मग. अशा वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर असतं का? पण त्यात तुझ्या हातांचा काय संबंध? ते तर पाणी होतं."

"कसलं पाणी?"

"गल्लीच्या टाकीचं. गटाराचा पाइप फुटून त्यात मिसळत होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा मुलगा नाही का गेला, त्याच सुमारास? मागाहून डॉक्टरनेच मला सांगितलं होतं. पुढे टाकीच पाडून टाकली. हां, पोरगी गेल्यावर तू माहेरी गेली होतीस ना. तू आलीस तोवर घरात नळ आला होता."

नळ बाईंना आठवत होता. माहेराहून आल्यावर त्याच नळाखाली त्या हात धूत बसायच्या.

"मला सांगितलं नाहीत."

"अगं, तुला ठाऊकच असेल असं वाटलं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं."

"मग मी एवढी वर्षं करतेय ते काय वाटलं तुम्हाला? बादली, साबण, उकळलेलं पाणी? ते पोराच्या तोंडातून चमचा ओढला तो?"

नवऱ्याने चहाचा घोट घेतला आणि थोडा विचार केला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरे उत्तर द्यायचे होते.

"मला वाटलं, तुला आवड आहे स्वच्छतेची," तो म्हणाला. "चांगलंच आहे की. घर कसं लख्ख असतं."

मालिका पुन्हा सुरू झाली होती, त्याने आवाज वाढवला. बाईंना ओरडावेसे वाटले. पण ज्याला आठवतच नाही त्याच्यावर काय ओरडणार? त्या उठल्या आणि आत जाऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. ओटा पुसलेलाच होता.

पुढचे काही दिवस त्या कामावर गेल्या, आल्या, बादलीतल्या पाण्याने हात धुतले. दुसरे काय करायचे ते त्यांना माहीत नव्हते. मुलाचा फोन आला तेव्हा सुनेला बोलवायला सांगावे असे त्यांच्या मनात आले. पण सांगायचे काय, ते जुळेना, आणि त्यांनी हवापाण्याचे बोलून फोन नवऱ्याकडे दिला.

मग एका सकाळी चार नंबरचे दार उघडून त्या वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. पिना आल्या होत्या. सगळीकडे नाही. मध्येमध्ये मोठ्या मोठ्या जागा अजून पांढऱ्या आणि वांझ होत्या. पण जिथे जिथे त्यांची मूठ पडली होती तिथे तिथे झुबकेच्या झुबके वर आले होते. कुठली मूठ जोरात फेकली होती, कुठली संपत आली होती, तेसुद्धा त्यांना मांडणीवर दिसत होते. त्यांनी रेडिओला हाक मारली. ती धावत आली आणि दारात पायच बुडवायला विसरली. बाईंनी तिला हटकले नाही.

"अगं बया," रेडिओ म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. "कशा दाटीवाटीने आल्यात बघ."

तोडणीच्या वेळी मालक आला. पीक नेहमीच्या मानाने थोडे होते, उशिरा आले होते, आणि नीट पाहिले तर एखाददुसऱ्या टोपीवर डागही होता. तरी तो खुशीत होता, कारण त्याने ही खोली मनातून केव्हाच सोडून दिली होती.

"घरी बसायचं वगैरे राहू द्या, बाई," तो सगळ्यांसमोर मोठ्या मनाने म्हणाला. "बोलण्यात माणूस बोलून जातो. मी काही ते मनावर घेत नाही."

"आणि खोल्यांचं?" रेडिओने मागून विचारले.

"ते बघू पुढे. साफसफाई आता बाहेरच्या कंपनीकडे देतोय आपण, त्यांची माणसं येतील. बाईंना दुसरं काम आहे. ही जुनी माती टाकायची ना दर वेळी, ती आता बाईच टाकतील." त्याने एक जाडजूड झुबका हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. "काही म्हणा, हातगुण लागतो. बाई, तुमच्या हाताला गुण आहे!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान खाली घातली. लोकांना वाटले, लाजल्या.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा बादली दारात होती, साबण होता, टॉवेल खुंटीवर होता. नवऱ्याने सगळे न चुकता मांडून ठेवले होते. बाई बादलीजवळून पुढे गेल्या आणि कामाच्या कपड्यांनिशी उंबरा ओलांडून आत आल्या. लख्ख फरशीवर त्यांच्या चपलांची माती उमटली. नवऱ्याच्या समोरची खुर्ची ओढून त्या बसल्या आणि दोन्ही हात त्यांनी टेबलावर ठेवले. नखांत काळी माती होती.

नवऱ्याने टीव्हीवरून नजर काढली.

"हे काय? हात धुतले नाहीस?"

"नाही."

तो कधीच फार बोलत नसे. त्याने फक्त टेबलावरचा आपला चहाचा कप त्यांच्या हातांपासून थोडा अलीकडे ओढून घेतला.